वाचकांचे प्रश्न : शौचाची तपासणी पीसीआरने करावी की कल्चरने?

पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : आतड्यांच्या जीवाणूसंसर्गाचे निदान तासाभरात सांगणारे पीसीआर पॅनेल (एकाच वेळी अनेक जंतूंची जनुके शोधणारी तपासणी) करून घ्यावे, की दोन-तीन दिवस घेणारे जुने स्टूल कल्चर (शौचातले जीवाणू प्लेटवर वाढवून ओळखणे)? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ताप आला आणि पोटात मुरडा येऊन रक्त व आव पडू लागली. बालरोगतज्ज्ञांनी शौचाचे पीसीआर पॅनेल आणि कल्चर अशा दोन्ही तपासण्या लिहून दिल्या. पॅनेलचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. त्यात ‘शिगेला/ईआयईसी’ आणि ‘ईपीईसी’ ही दोन नावे होती. औषध लगेच सुरू झाले आणि मुलगा बराही झाला. परंतु तिसऱ्या दिवशी आलेल्या कल्चरच्या रिपोर्टवर ‘रोगकारक जीवाणू आढळले नाहीत’ असे लिहिलेले होते. यांतला कोणता रिपोर्ट खरा मानायचा? आणि एवढे महाग पॅनेल केल्यावर कल्चरचा खर्च वाया गेला असे समजायचे का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, कारण दोन्ही तपासण्या एकाच गोष्टीचा शोध घेत नाहीत. कल्चरमध्ये जिवंत आणि वाढू शकणारा रोगकारक जीवाणू शोधला जातो. पीसीआरमध्ये ठरावीक जीवाणूंच्या जनुकांचा विशिष्ट तुकडा शोधला जातो, मग तो जीवाणू जिवंत असो की मेलेला.

कल्चरला वेळ का लागतो हे समजायचे तर प्रयोगशाळेतल्या टेबलावर काय चालते ते पाहावे लागेल. शौचाच्या एका ग्रॅममध्ये निरुपद्रवी जीवाणूच अब्जावधी असतात आणि त्या गर्दीतून एक वेगळा जीवाणू हुडकायचा असतो. त्यासाठी नमुना तारेच्या लूपने वेगवेगळ्या माध्यमांच्या (म्हणजे जीवाणूंच्या खाद्याच्या) प्लेटवर रेघा ओढून पसरतात आणि प्लेट ३७ अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की आगरवर आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात. शिगेला आणि साल्मोनेला त्यातली लॅक्टोज ही साखर आंबवत नाहीत, म्हणून त्यांच्या वसाहती बिनरंगी राहतात. एक्सएलडी नावाच्या माध्यमावर साल्मोनेलाची वसाहत मध्यभागी काळ्या ठिपक्याची लाल असते, तर शिगेलाची त्या ठिपक्याविना नुसती लाल. अशी संशयास्पद वसाहत सुईच्या टोकाने उचलून ती वेगळी वाढवायची, रासायनिक चाचण्या लावायच्या आणि काचपट्टीवर अँटिसीरमच्या (ठरावीक जीवाणूलाच चिकटणारी प्रतिपिंडे असलेल्या द्रवाच्या) थेंबात मिसळून गुठळ्या होतात का ते पाहायचे. त्यानंतर औषधांच्या चकत्या ठेवलेल्या प्लेटवर तो जीवाणू पुन्हा रात्रभर वाढवतात आणि चकतीभोवती वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. तेव्हा कोठे ‘अमुक औषध लागू पडेल, अमुक पडणार नाही’ असे लिहिता येते. यात तीन दिवस जाणे हा प्रयोगशाळेचा आळस नव्हे. जीवाणूला वाढायला तेवढा वेळ लागतोच.

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. आज शौचाच्या तपासणीसाठी तिचे जे रूप वापरात आहे, त्यात नमुना एका बंद कार्ट्रिजमध्ये घालून यंत्रात सरकवला की पुढची सगळी कामे यंत्र स्वतःच करते. अशा पॅनेलपैकी एका प्रसिद्ध पॅनेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली; ते जीवाणू, विषाणू आणि परजीवी मिळून २२ रोगकारक सुमारे तासाभरात तपासते.

आता आपल्या मुलाच्या रिपोर्टकडे वळू. शिगेला हा शरीराबाहेर फार नाजूक जीवाणू आहे. नमुना डबीत तसाच राहिला तर इतर जीवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने तो काही तासांत मरतो; नमुन्याआधी अँटिबायोटिकचा एखादा डोस पोटात गेला असेल तरीही तो प्लेटवर उगवत नाही. त्याची जनुके मात्र तेथेच असतात आणि पीसीआरला ती सापडतात. शिवाय शिगेलाचे अवघे दहा ते शंभर जीवाणूही आजार निर्माण करू शकतात. ताप, मुरडा आणि रक्त-आव ही लक्षणे असताना पॅनेलने शिगेलाचे नाव दिले, तर कल्चर निगेटिव्ह आले म्हणून मी तरी ते निदान खोडणार नाही. कल्चरमधून शिगेला किती निसटतो याचा अंदाज पाच वर्षांखालील मुलांच्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय अभ्यासातून आला. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात केंद्रांपैकी एक केंद्र कोलकात्याचे होते. त्या अभ्यासातले जतन केलेले नमुने मोजमाप करणाऱ्या पीसीआरने पुन्हा तपासले गेले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शिगेलामुळे होणाऱ्या अतिसाराचे प्रमाण पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट निघाले.

‘शिगेला/ईआयईसी’ ही जोडी मात्र ध्यानात घ्यावी. ईआयईसी हा आतड्याच्या अस्तरात घुसणारा ई. कोलाय असून पॅनेल ज्या जनुकाचा शोध घेते ते जनुक दोघांतही असते. त्यामुळे पॅनेलला या दोघांत फरक करता येत नाही. दुसरे नाव, ईपीईसी (हाही ई. कोलायचाच एक प्रकार), हे पॅनेलच्या रिपोर्टवर वारंवार दिसते आणि पालकांना विनाकारण धास्ती घालते. हा जीवाणू कसलाही त्रास नसलेल्या मुलांच्या शौचातही पुष्कळदा सापडतो. वर सांगितलेल्या अभ्यासात निरोगी मुलांचे नमुनेही घेतले होते आणि जीवाणू ‘आहे की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘किती आहे’ हे पाहावे लागले, ते याच कारणासाठी. दवाखान्यातली प्रचलित पॅनेल बहुधा हो किंवा नाही एवढेच सांगतात. म्हणून पॅनेलवर दोन-तीन नावे आली की प्रत्येकाला एकेक औषध द्यायचे नसते; लक्षणांशी जुळणारे नाव कोणते ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

राहिला कल्चरच्या खर्चाचा प्रश्न. शिगेलावर एकेकाळी नॅलिडिक्सिक अॅसिड हमखास चाले. ते निकामी झाल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन आले आणि आता आपल्याकडे त्यालाही न जुमानणारा शिगेला सर्रास आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या चिंताजनक जीवाणूंच्या यादीत असा शिगेला आहे. प्रचलित शौच-पॅनेल जीवाणूचे नाव सांगते, पण कोणते औषध चालेल हे सांगत नाही. मुलाचा ताप पहिल्या औषधाने दोन दिवसांत उतरला नसता, तर डॉक्टरांनी सर्वप्रथम कल्चरचाच रिपोर्ट मागवला असता. या खेपेस जीवाणू उगवला नाही, तरी ती तपासणी लिहून देण्यात डॉक्टरांचे काही चुकले नाही.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा काहींच्या शौचात ‘कॅम्पायलोबॅक्टर’ सापडल्याचे वाचले होते. त्यानंतर मला जुलाब झाले तेव्हा जवळच्या लॅबमधून कल्चर करून घेतले. ते निगेटिव्ह आले, म्हणून निश्चिंत झालो. आता कळते की त्या लॅबमध्ये हा जीवाणू शोधतच नाहीत. मग प्रत्येक जुलाबाला पीसीआरच करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातली तक्रार रास्त आहे. ‘रोगकारक जीवाणू आढळले नाहीत’ हे वाक्य छापताना कोणकोणते जीवाणू शोधले हे प्रयोगशाळांनी त्याखाली लिहायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. रुग्णानेही ते विचारावे. बहुतेक ठिकाणी नेहमीच्या शौच-कल्चरमध्ये साल्मोनेला आणि शिगेला शोधतात, पटकीचा संशय कळवला असेल तर व्हिब्रिओही. कॅम्पायलोबॅक्टरची मात्र वेगळीच बडदास्त ठेवावी लागते. त्याला वेगळे माध्यम लागते, ४२ अंश तापमान लागते आणि ज्यात ऑक्सिजन अवघा ५ टक्क्यांच्या आसपास आहे अशी हवा बंद डब्यात तयार करून द्यावी लागते. तरीही तो वाढायला दोन दिवस घेतो. लहान प्रयोगशाळेला हे सगळे परवडत नाही. या जीवाणूच्या बाबतीत पीसीआर नि:संशय सरस आहे.

गियाँ-बारेच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. हातापायांतली शक्ती जाऊ लागते ती जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर शौचातले जिवंत जीवाणू बहुधा संपलेले असतात. पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. नोरोव्हायरस हा विषाणू असल्यामुळे तो जीवाणूंच्या प्लेटवर उगवण्याचा प्रश्नच नव्हता. अशा उद्रेकात पॅनेलचा फायदा वादातीत आहे.

तरीसुद्धा प्रत्येक जुलाबाला पॅनेल करू नये. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण हजारात एकालाच गियाँ-बारे होतो आणि जुलाब चालू असताना पॅनेल केल्याने तो टळतो असे नाही. पाण्यासारखे जुलाब बहुतेकदा तीन-चार दिवसांत आपोआप थांबतात. तेवढे दिवस ओआरएस, नेहमीचा हलका आहार आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक पुरेसे असते. शौचात रक्त असणे, तीव्र ताप, पोटात असह्य वेदना, पटकीचा संशय यावा इतके पाण्यासारखे जुलाब, आठवडाभर न थांबलेले जुलाब, रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेला रुग्ण किंवा एकाच जेवणावळीनंतर अनेकजण आजारी पडणे, अशा वेळी तपासणीला अर्थ आहे. पॅनेलचा खर्च हजारांच्या घरात जातो आणि तो कल्चरच्या कित्येक पट असतो. रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार नसेल, तर तो पैसा खर्च करण्यात हशील नाही.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंना जुलाब झाले आणि पॅनेलमध्ये साल्मोनेला निघाला. तासाभरात निदान झाले, त्या बऱ्याही झाल्या. मग त्याच नमुन्याचे कल्चर करून तो सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवत असल्याचे आम्हांला कळवण्यात आले. निदान झाल्यावर पुन्हा कल्चर कशासाठी? (एक वाचिका, एडिसन)

उत्तर : हे कल्चर सासूबाईंसाठी नाही, इतरांसाठी आहे. पॅनेल ‘साल्मोनेला’ एवढेच सांगते. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि तुमच्याकडे सापडलेला प्रकार दुसऱ्या राज्यातल्या दहा रुग्णांमध्ये सापडला, तर सर्वांनी खाल्लेला एखादा पदार्थ दूषित असण्याची शक्यता निर्माण होते. अशी जुळणी करणारे ‘पल्सनेट’ नावाचे प्रयोगशाळांचे जाळे अमेरिकेत १९९६ पासून काम करते. पूर्वी ते जीवाणूच्या डीएनएच्या पट्ट्या जुळवून पाहत असे, आता संपूर्ण जनुकक्रम वाचला जातो. दोन्हींसाठी हातात जिवंत, शुद्ध वाढवलेला जीवाणू लागतो. झटपट चाचण्या वाढल्या तसे प्रयोगशाळांत कल्चर कमी झाले आणि उद्रेक शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या अतिसारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, शासनाला कळवणे बंधनकारक असलेले जीवाणू झटपट चाचणीत सापडले तर त्यांचे कल्चरही करावे, अशी सूचना केली.

या बाबतीत २०११ च्या उन्हाळ्यातली जर्मनीची घटना बोलकी आहे. उत्तर जर्मनीत रक्ताचे जुलाब आणि त्यापाठोपाठ मूत्रपिंडे निकामी होणे अशी साथ उद्भवली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. अशा आजाराला एरवी ओ१५७ हा ई. कोलायचा प्रकार कारणीभूत असतो आणि तो सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ आंबवत नाही, म्हणून सॉर्बिटॉल घातलेल्या मॅकॉन्की प्लेटवर बिनरंगी दिसून पटकन ओळखू येतो. या वेळचा गुन्हेगार होता ओ१०४:एच४, आणि तो सॉर्बिटॉल आंबवत होता. म्हणजे प्लेटवर तो आतड्यातल्या साध्या ई. कोलायसारखाच गुलाबी दिसे. नेहमीच्या सवयीने प्लेट पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सुटणार हे उघड होते. या आजाराला कारण होणाऱ्या शिगा विषाचे जनुक शोधणारी पीसीआर मात्र त्याला पकडू शकत होती. येथवर पीसीआरची सरशी दिसते. परंतु हा प्रकार कोणता, तो सेफॅलोस्पोरिन गटाच्या औषधांना दाद देत नाही, एरवी वेगवेगळ्या प्रकारांत आढळणारे दोन घातक गुण त्यात एकत्र आले आहेत, हे सर्व वाढवलेल्या जीवाणूचा अभ्यास करूनच कळले. औषधाला दाद न देण्याचा तोच गुण वापरून पुढे त्याच्यासाठी निवडक प्लेटही वापरता आल्या. साथीचा माग अखेर कच्च्या मोडांपर्यंत आणि मेथीच्या बियांपर्यंत पोचला. (आपल्याकडे मोड आणून खाणारी घरे थोडी नाहीत, लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना ते शिजवूनच द्यावेत.)

पॅनेल म्हणजे ठरावीक नावांची हजेरी आहे. यादीत नसलेला वर्गात बसला असला तरी त्याची नोंद होत नाही. १९९२ मध्ये मद्रासमध्ये पटकीसारखाच आजार पसरला, तेव्हा रुग्णांतले व्हिब्रिओ प्लेटवर पटकीच्या जंतूसारखेच उगवत होते, पण पटकीच्या ओ१ अँटिसीरममध्ये त्यांच्या गुठळ्या होत नव्हत्या. त्या विसंगतीतूनच ओ१३९ हा नवा प्रकार हाती लागला. जे आधी कोणालाच माहीत नव्हते ते दाखवून देण्याची सोय कल्चरमध्ये आहे आणि या एका कारणासाठी ती विद्या प्रयोगशाळांनी मोडीत काढू नये.

प्रश्न : विषमज्वरासाठी विडाल चाचणीऐवजी शौचाचे पीसीआर करणे अधिक खात्रीचे नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. विषमज्वराचा जीवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात असतो आणि शौचात तो बहुधा पुढच्या आठवड्यांत येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर करणे हीच योग्य तपासणी. तिलाही मर्यादा आहे : ती साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक रुग्णांत जीवाणू पकडते, कारण रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जीवाणू जेमतेम एखादा असतो. त्याच कारणाने रक्तावरचे पीसीआरही कमी पडते. एकदाच केलेल्या विडालवर (रक्तातली प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचणीवर) विसंबून चौदा-चौदा दिवस औषधे देण्याची आपल्याकडची पद्धत मात्र सोडायला हवी. १८९६ पासूनची ही चाचणी पूर्वीच्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही पॉझिटिव्ह येते.

प्रश्न : वडिलांना न्यूमोनियासाठी रुग्णालयात दीर्घकाळ अँटिबायोटिक्स दिली गेली. नंतर जुलाब सुरू झाले आणि पीसीआरमध्ये ‘सी. डिफिसिल’ निघाला. उपचारांनी जुलाब पूर्ण थांबले. खात्रीसाठी आम्ही तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तर ती पॉझिटिव्हच आली. औषध पुन्हा सुरू करायचे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : जुलाब थांबले असतील तर केवळ त्या रिपोर्टवरून औषध पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही. बरे झाल्यावर ही तपासणी करूच नये, असे सर्व मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सी. डिफिसिल हा अँटिबायोटिक्सनंतर आतड्यात माजून जुलाब करणारा जीवाणू आहे आणि पीसीआर त्याच्या विषाचे जनुक शोधते. प्रत्यक्ष विष तयार होत आहे का, हे त्यातून कळत नाही. बरे झाल्यावरही अनेकांच्या आतड्यात हा जीवाणू किंवा त्याचे बीजाणू (त्याची चिवट, सुप्त रूपे) काही काळ राहतात आणि काही निरोगी माणसेही तो बाळगून असतात. म्हणून अनेक रुग्णालये आधी जीवाणूचे प्रथिन व त्याचे विष यांची चाचणी करतात आणि त्या दोहोंत मेळ बसला नाही तरच पीसीआरकडे जातात. घट्ट शौचाचा नमुना या तपासणीसाठी प्रयोगशाळेने स्वीकारू नये, हा नियमही याचसाठी. कल्चरचा येथे रोजच्या निदानात उपयोग नाही; ते किचकट असते आणि विष न करणारे प्रकारही त्यात उगवतात. जुलाब पुन्हा सुरू झाले तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांना दाखवा, कारण हा आजार उलटण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. घरात हात धुण्यासाठी साबण आणि पाणीच वापरा. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने याचे बीजाणू मरत नाहीत.

प्रश्न : शौचाचा नमुना नेमका कसा द्यावा? लॅबमध्ये डबी हातात देतात, सांगत कोणीच नाही. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : हा प्रश्न सर्वांनी विचारायला हवा, कारण कोणतेही यंत्र वाईट नमुन्यातून चांगला रिपोर्ट काढू शकत नाही. नमुना शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावा. औषध आधीच सुरू झाले असेल तर त्याचे नाव तपासणीच्या कागदावर लिहावे. शौच कोरड्या, स्वच्छ भांड्यात किंवा प्लास्टिकवर घ्यावे. त्यात लघवी, नळाचे पाणी किंवा फिनेल मिसळू देऊ नये. लहान बाळाच्या डायपरमध्ये शोषला गेलेला नमुना उपयोगाचा नसतो, त्यासाठी डायपर उलटा लावावा किंवा आत प्लास्टिक ठेवावे. रक्त किंवा आव दिसत असेल तर नेमका तोच भाग चमच्याने डबीत घ्यावा, कारण शिगेला तेथेच अधिक असतो. डबी काठोकाठ भरण्याची गरज नाही. अक्रोडाएवढा किंवा पातळ असेल तर दोन-तीन चमचे नमुना पुरतो.

कल्चरसाठीचा नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा. गाव लांब असेल तर लॅबकडून आधीच कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी मागून घ्यावी. त्यात जीवाणू वाढतही नाहीत आणि लवकर मरतही नाहीत. पॅनेलसाठीही पुष्कळ यंत्रांना याच माध्यमातला नमुना लागतो, त्यामुळे एका नळीतून दोन्ही कामे होतात. पटकीचा संशय असेल तर तसे लॅबला तोंडी सांगावे, म्हणजे ते नमुना आम्लारी पेप्टोन पाण्यात वाढवून टीसीबीएस प्लेटवर घेतील. या प्लेटवर पटकीच्या जंतूच्या वसाहती पिवळ्या उगवतात, पण ही प्लेट मागणीशिवाय कोणी लावत नाही. तपासणीच्या कागदावर रुग्णाचे वय, जुलाब किती दिवसांपासून आहेत, रक्त आहे का, ताप आहे का आणि नुकताच कोठे प्रवास किंवा बाहेरचे जेवण झाले का, एवढे लिहिलेले असले तर कोणत्या प्लेट लावायच्या ते तंत्रज्ञाला ठरवता येते. डॉक्टरांनी घाईत ते लिहिले नसेल तर तुम्ही स्वतः लिहिलेत तरी चालते.